मिठाची वाटी

मावशी, तुमच्या हाताची चव आता पुन्हा होणे नाही.

हे वाक्य माझं नाही. गेल्या रविवारी तुमच्या तेराव्याला, गंधमुक्तीच्या जेवणाला, ते पाच जणांनी उभं राहून म्हटलं, आणि खानावळीच्या दाराशी लावलेल्या फ्लेक्सवर तुमच्या फोटोखाली ते छापलेलंही आहे. फोटो आधार कार्डावरून मोठा केलाय, त्यामुळे तुम्हाला कुणी चौकशीसाठी धरून आणल्यासारखं दिसतं. वर ‘अन्नपूर्णा’ असं सोनेरी अक्षरांत लिहिलंय, खाली शोकाकुलांची यादी आहे. त्या यादीतल्या दोघांना मी अठरा वर्षांत तुमच्या ओट्यावर एकदाही पाहिलेलं नाही. पण शोकाकुल व्हायला ओळख लागते असं थोडंच आहे.

तर चव. मला सगळ्यांनी आग्रह केला, “मास्तर, दोन शब्द बोला.” मी मराठी शाळेतला निवृत्त शिक्षक, त्यामुळे लग्नपत्रिका आणि शोकसभा या दोन ठिकाणी माझा उपयोग होतो असा सुरतेच्या या उधन्यातल्या आपल्या लोकांचा समज आहे. मी मान हलवली आणि वरणभात कालवायला घेतला. लोकांना वाटलं, मास्तरांना दाटून आलं. ते आलंच होतं. पण पहिला घास तोंडात गेला आणि मी जागच्या जागी थांबलो. ते कशामुळे, हे त्या मांडवात फक्त एका माणसाला समजलं असतं, आणि तिचाच फोटो हार घालून समोर ठेवला होता. म्हणून हे तुम्हालाच लिहितो आहे.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा जेवायला आलो तेव्हा माझी इथे नुकतीच बदली झाली होती. एकटा जीव, भाड्याची खोली, आणि स्टोव्हचं नि माझं कधी जमलं नाही. लूमच्या शेडमागच्या गल्लीत तुमची खानावळ. भिंतीपलीकडे माग चालू असले की ताटातली वाटी आपोआप सरकायची. धुळ्या-नंदुरबारकडची, अमळनेर-शिंदखेड्याकडची साठेक माणसं दोन पाळ्यांत येऊन जेवायची. घाईत, मान खाली घालून, कुणी तरी मागे लागल्यासारखी. मी एकटाच सावकाश जेवायचो. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला विचारलंत, “मास्तर, जेवताय की पेपर तपासताय?”

माझ्यापेक्षा तुम्ही जेमतेम पाच वर्षांनी मोठ्या. पण सगळे मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणालो, आणि मग ते खरंच झालं.

तुमचे यजमान, नाना, तेव्हा लूमवर होते. एक दिवस ते मागाशेजारीच कोसळले आणि उजवी बाजू गेली. तोवर आपल्या गल्लीत दोनच आजार होते: अशक्तपणा आणि अचानक. अशक्तपणाला सलाईन लावायचे, अचानकला गावी न्यायचे. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की हे अचानक नाही, प्रेशर कित्येक वर्षांचं असणार, कुणी मोजलंच नाही. गोळ्या दिल्या आणि सांगितलं, मीठ कमी करा.

सांगणाऱ्याला सोपं असतं. तुम्ही नानांसाठी वेगळं पातेलं चढवलंत. त्यांनी डाव्या हाताने ताट ढकललं. ते ऐकायला मी तिथेच होतो. तोंड वाकडं झालं होतं, शब्द चिकटत होते, पण ताठा शाबूत होता: “मी काय बाळंतीण शे का, माले येगळं रांधाले? सगळे खातस ते दे.”

तुम्ही रडला नाहीत, समजावलंही नाही. दोन दिवसांनी वेगळं पातेलं बंद झालं. मला वाटलं, हरल्या. नानांची खाट चुलीसमोरच होती. स्वयंपाकात किती काय पडतं त्यावर त्यांचं पडल्यापडल्या लक्ष असायचं. मोठ्या पातेल्याला शिगोशिग एक वाटी मीठ, हा तुमच्या खानावळीचा पहिल्या दिवसापासूनचा कायदा. तुम्ही वाटी उचलली की खाटेवरून आवाज यायचा, “भरीसन टाक.” तुम्ही भरलेली वाटी त्यांना दाखवून टाकायच्या. नाना समाधानाने डोळे मिटायचे.

चार वर्षं ते असे जगले. साठ जणांबरोबर, साठ जणांचं तेच जेवले.

ते गेले त्या वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट. सुरतेत त्या दिवशी जमिनीवर माणूस सापडत नाही. अख्खं गाव गच्चीवर. डोक्यावर स्पीकर, “काप्यो छे!”च्या आरोळ्या, आणि खाली गल्लीत फक्त कुत्री आणि मी. पतंगाचं मला कौतुक नाही. लवकर जेवून घ्यावं म्हणून आलो तर दार लोटलेलं. ढकललं. तुम्ही नानांच्या रिकाम्या खाटेशेजारी जमिनीवर बसला होता. भर दुपारी पेटवलेली मेणबत्ती तिरकी धरून तिचं मेण एका स्टीलच्या वाटीत थेंब थेंब पाडत होता.

मी शिक्षक असल्यामुळे मला आधी अंधश्रद्धेचा संशय आला.

“मावशी, हे काय चाललंय?”

“दार लावा आधी.”

“करणी वगैरे आहे का?”

“हो,” तुम्ही मान वर न करता म्हणालात. “साठ जणांवर.”

मग तुम्ही वाटी माझ्यापुढे धरलीत. “बोट घाला. आत.” मी घातलं. बाहेरून ती नेहमीची मिठाची वाटी होती, तीच उंची, काठाला तोच पोचा. पण बोट बुडाला लवकरच टेकलं. बूड मेणाचं होतं, आणि ते वर आलं होतं.

“नानांनी वेगळं खाल्लं नाही,” तुम्ही सांगितलंत, “मग म्हटलं सगळ्यांचंच कमी करू. पण वाटी अर्धी टाकली तर यांना दिसणार, अन् यांना दिसलं की सगळ्या गल्लीला दिसणार. वाटी भरलेली दिसायला पाहिजे.”

“आणि कुणाला कळलं नाही?”

“एका संक्रांतीला इतकंच.” तुम्ही अंगठ्याचं नख दाखवलंत. “नखाएवढा थर. जिभेला वर्ष लागतं, मास्तर. घाई केली की ओरडते.”

“पण नाना तर गेले आता.”

“हो ना.” तुम्ही मेणबत्ती पुन्हा तिरकी केलीत. “बाकीचे शेत ना.”

मला त्या क्षणी तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं. त्याऐवजी मी वाद घातला. माणसाचा स्वतःच्या ताटावर हक्क असतो, त्याला न सांगता त्याचं भलं करणं हीसुद्धा एक प्रकारची दमदाटी आहे, असं मी दहा मिनिटं बोललो. त्यात तीनदा ‘मूलभूत’ हा शब्द आला. तुम्ही लसूण सोलत ऐकून घेतलंत.

“झालं?”

“झालं.”

“मग आई पोराला विचारून मीठ घालते का?”

“तुम्ही त्यांच्या आई नाही.”

“मग मावशी कशाला म्हणतात?”

मी मुद्दा बदलला. म्हणालो की माणसाला समजावून सांगितलं तर समजतं. तुम्ही म्हणालात, “भिलाभाऊंना समजावून बघा.”

भिलाभाऊ म्हणजे आपल्या खानावळीचा विरोधी पक्ष. बारा माग एकटा सांभाळणारा माणूस, आवाज मागाच्या वर जाणारा. मी पुढच्या रविवारी जेवणाआधी छोटंसं व्याख्यान दिलं. मीठ, रक्तदाब, हृदय, मेंदू. हनुवटीवर हात ठेवून भिलाभाऊंनी शांतपणे ऐकलं आणि मग म्हणाले, “मास्तर, आमचा बारा तास घाम निघतो. तुमच्या खुर्चीला घाम येतो का? मग मीठ तुम्ही सोडा, आम्हाला कशाला सांगता?”

ओटा हसला. मीही हसलो, कारण घामाचा मुद्दा मला आजही पुरता खोडून काढता येत नाही. माझ्या व्याख्यानाचा ठोस परिणाम एवढाच झाला की त्या संध्याकाळी सगळ्यांनी ईर्षेने वरून मीठ मागितलं आणि बरणी दोनदा भरावी लागली.

दुसऱ्या दिवशी बरणी ओट्यावरून नाहीशी झाली होती. तुम्ही ती देव्हाऱ्याच्या फळीवर, कुलदेवीच्या तसबिरीला टेकून ठेवली होती. “पाहिजे त्याने उठून घ्या,” तुम्ही जाहीर केलंत, “माझे गुडघे दुखतात.” कुणी उठलं नाही. खरकट्या हाताने देव्हाऱ्याला कोण शिवणार? हात धुऊन मीठ घ्यायचं, पुन्हा जेवायला बसायचं, एवढी मिठाची ओढ कुणालाच नव्हती. मी देव मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. एकदा केवळ तत्त्वासाठी मी उठलो. फळीपर्यंत गेलो आणि हात वर होईना. तुम्ही पोळपाटावरून बघत होता. “घ्या ना मास्तर,” म्हणालात. मी परत येऊन बसलो.

आरोग्याबद्दल मी खूप वाचलं आहे. माणसाचं मन वळवण्याबद्दलही. पण एक बरणी चार फूट वर सरकवून कुणी इतकं काम केल्याचं मला कुठे वाचायला मिळालं नाही.

मग ते शिबिर. निरोगी जीवनशैली महाशिबिर. ‘महा’ कशासाठी होतं ते मांडव बघून कळलं. प्रमुख पाहुणे सव्वा तास उशिरा आले. दीपप्रज्वलन झालं, शाली झाल्या, ज्यांना शाल मिळाली त्यांनी ज्यांना मिळाली नव्हती त्यांच्याकडे दयेने पाहिलं. पाहुणे म्हणाले, चालत राहा, तळलेलं टाळा, ताण घेऊ नका. रात्रपाळी करून आलेली माणसं उभ्या उभ्या डुलक्या घेत होती, त्यांनी बहुतेक ताण न घेण्याचा भाग लगेच अमलात आणला होता. त्यानंतर सर्वांना फाफडा, तळलेली मिरची आणि जिलेबी देण्यात आली.

या सगळ्यात प्रेशर मोजायला एक टेबल होतं आणि एक तरुण नर्स. तिच्याकडे कुणी फिरकेना. नाश्त्याची पाकिटं घेऊन आपली माणसं निघायला लागली. तेव्हा तुम्ही खानावळीच्या दारात पळी घेऊन उभ्या राहिलात आणि ओरडलात, “हात दिल्याशिवाय आज ताट नाही!”

रांग लागली. भिलाभाऊ सगळ्यांत पुढे, “मी काय जावई शे का, पट्टी बांधून बसवायला,” असं बडबडत. शिबिराचे आयोजक नंतर सगळीकडे सांगत होते की प्रतिसाद उत्स्फूर्त होता. तिघांचं प्रेशर जास्त निघालं. त्यांना तुम्ही दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात नेलंत. गोळी घेतली का, हे भाकरी वाढताना विचारायला लागलात. “घेतली” म्हणणाऱ्याचे डोळे बघून भाकरी ताटात पडायची किंवा हातातच राहायची.

शेवटी नर्सने तुमच्याकडे बघून विचारलं, “मासी, तमारो हाथ?”

“माझे हात पिठाचे शेत,” तुम्ही म्हणालात आणि आत गेलात.

मी टेबलाशेजारीच उभा होतो. बाही खाली करत होतो. माझं ठीक निघालं होतं, त्या आनंदात होतो. पीठ धुता येतं, हे मला तेव्हा सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण आतून खरपूस वास येत होता आणि मला भूक लागली होती.

तुमच्याशी माझे दोन वाद राहिले. एक हक्काचा. दुसरा पुराव्याचा. दर संक्रांतीला मी राखणीला दारात बसायचो, तुम्ही थर चढवायच्या, आणि मी विचारायचो, “याचा उपयोग होतो हे कशावरून?”

“नानांनंतर आपल्याकडे कुणी पडलं नाही.”

“पडणारे गावी जातात, मावशी. आपल्याला कुठे कळतं?”

“मग गावाहून परत येतात ते?”

“ते न पडणारे.”

तुम्ही विचार करायचात. “पुढच्या संक्रांतीला सांगते,” म्हणायचात. असं आपण पुराव्याचं प्रकरण सहा संक्रांती पुढे ढकललं.

आणि एक गोष्ट होती जिच्यावर आपण वाद घातलाच नाही. तुम्ही सगळ्यांच्या शेवटी जेवायच्या. पातेल्याच्या तळाचं, उरलेली भाकरी, आणि ताटाच्या कडेला मीठ. चांगलं चिमूटभर. ठेच्याबरोबर एकदा, वरणात एकदा. मी विचारलं तर हसलात. “मला अळणी लागतं हो.”

“साठ जणांना लागत नाही. तुम्हालाच कसं?”

“त्यांना माहीत नाही ना. मला माहीत शे. माहीत असलं की चव जाते.”

वाक्य मला इतकं आवडलं की मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं. वाक्याऐवजी ती चिमूट उचलायला हवी होती. वाचणाऱ्या माणसाचा हाच रोग असतो, समोरच्याचं दुखणं त्याला आधी सुभाषितासारखं ऐकू येतं.

तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी पीठ मळत होता. तुमची सून सुनंदा सांगते, “जरा टेकते गं,” म्हणून भिंतीला पाठ लावलीत. हात परातीतच होते. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि विचारलं, “यांना प्रेशर होतं का? कधी मोजलं होतं?” तुमच्या राजूने सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. तुमचा मुलगा पांडेसऱ्याच्या डाईंग मिलमध्ये दोन पाळ्या करतो आणि तुमची सून दिवसभर चुलीशी असते, त्यांना काय विचारायचं? मला वाटीच्या बुडाचा एकेक थर माहीत होता. दंडाला ती पट्टी एकदाही लागली नव्हती, हेही मलाच माहीत होतं.

आता तो पहिला घास.

तेरा दिवस खानावळ बंद होती. गंधमुक्तीच्या आदल्या दिवशी सुनंदाने सुतक फेडायचं म्हणून घरातलं झाडून सगळं धुवायला काढलं. पातेली, पराती, डाव, पळ्या, वाट्या, सगळं सोडा घालून उकळत्या पाण्यात टाकलं. तुमची सून आहे, अर्धवट काही करत नाही. आणि रविवारी सकाळी तुमच्याच कायद्याने तिने पातेल्याला शिगोशिग एक वाटी मीठ घातलं.

वरण खारट नव्हतं, मावशी. वरण खारटाच्या पुढे गेलं होतं. मी आजूबाजूला पाहिलं. लोक जेवत होते. पहिल्यांदा थांबले, एकमेकांकडे बघितलं, मग पुन्हा जेवायला लागले. अकरा संक्रांती मागे गेल्याचं कुणाच्याच जिभेने सांगितलं नाही. किंवा सांगितलं आणि त्यांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला. कारण भिलाभाऊ उभे राहिले. मोठा आवाज त्या दिवशी फाटला होता. म्हणाले, “हीच चव. मी इथे पहिला घास खाल्ला ना, तेव्हा हीच चव होती. मावशी कुठे गेली नाही. मावशी या वरणात शे.” आणि बारा माग सांभाळणारा तो माणूस लेकरासारखा रडला. त्याच्यामागून सगळे रडले. मीही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पहिल्या दिवशी चव खरोखरच तशी होती.

राजू मात्र पाण्याच्या मागे होता. एरवी जेवणाला तीन जार लागतात. त्या दुपारी तो सहावा जार आणायला गेला होता.

लोक पांगल्यावर मी आत गेलो. वाटी मांडणीवर पालथी होती. उलटी केली. बूड आरशासारखं.

“सुनंदा, या वाटीतून काही निघालं का गं?”

“निघालं ना! पांढऱ्या चकत्या. चरबी शे वाटतं.” तिने आवाज खाली आणला. “आईंनी इतकी वर्षं वाटी आतून घासलीच नाही हो. मला लाज वाटली. कुणी बघायच्या आत फेकून दिलं.”

तिला सांगायचं की नाही, हे ठरवायला मला फार वेळ नव्हता. संध्याकाळच्या पाळीचं पातेलं चढायचं होतं. न सांगावं, तर तुम्ही अकरा वर्षं कणाकणाने काढून घेतलेलं मीठ साठ जणांना एका दिवसात परत मिळणार होतं, तेही तुमच्या नावाने. सांगावं, तर तुमचं गुपित फुटणार. मी सांगितलं.

सुनंदा पाटावर बसली. “म्हणजे मी आठ वर्षं रोज वाटी भरते, ती…”

“हो.”

“आणि मला नाही सांगितलं?”

“कुणालाच नाही. मी त्या दिवशी दार ढकललं म्हणून कळलं.”

“मला सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर मी उकळत्या पाण्यात टाकली असती का?”

मावशी, आपला हक्काचा वाद इथे संपला. मी जिंकलो. तुम्हाला सांगायला गेलो आणि लक्षात आलं की आता त्याचा काही उपयोग नाही.

मग आम्ही दोघांनी दार लावलं. राजूने फोटोपुढे लावायला आणलेल्या मेणबत्त्यांतल्या दोन उरल्या होत्या. थर अकरा हे मला ठाऊक होतं, पण थर नखाएवढा, आणि ते नख कुठून आणायचं? मी अंदाजाने ओतायला लागलो. सुनंदाने माझ्या हातातून मेणबत्ती घेतली. थोडं ओतायची, गार होऊ द्यायची, आणि डोळे मिटून वाटीत बोट घालायची. मी रोज डब्यातून मीठ काढते, म्हणाली, बोटाला माहीत शे. तीनदा, चारदा. शेवटी बोट टेकलं आणि ती म्हणाली, “इथवर.” आणि मग रडली, तेरा दिवसांत पहिल्यांदा.

तुमच्या हाताची चव जर कुठे असेल, तर ती त्या बोटात आहे. फ्लेक्सवाल्यांना हे सांगून उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिलाभाऊ जेवता जेवता माझ्या कानाशी आले. त्यांचा कानात बोलण्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. “मास्तर, सुनबाईचा हात अजून बसला नाही हो. काल कशी झाली होती, एकदम मावशी! आज आपलं पाणचट.”

“बसेल हळूहळू,” मी म्हणालो. “जिभेला वेळ लागतो.”

त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. बरणी कुठे आहे ते एकदा पाहिलं आणि उठले नाहीत. पाण्याचे जार तीन लागले.

सगळे गेल्यावर सुनंदा जेवायला बसली. पातेल्याच्या तळाचं वरण, भाकरी, आणि ताटाच्या कडेला तिने मीठ वाढून घेतलं. चांगलं चिमूटभर.

“अळणी लागतंय,” ती ओशाळून म्हणाली. “आजवर कधी लागलं नाही हो.”

ती तुमच्याच जागी बसली होती, भिंतीला पाठ लावून. या वेळी मी वही काढली नाही. ताटाच्या कडेचं मीठ बोटाने पुसून घेतलं आणि म्हणालो, “उद्या सकाळी दवाखान्यात जायचं. हात द्यायला.”

“माझे हात…”

“धुऊन यायचं.”

“अन् तुमचा?”

“माझाही.”

आणि मग तुमच्यापासून लपवलेली एकच गोष्ट मी तिच्यासमोर काढली. माझ्या कापडी पिशवीत, छत्रीच्या खाली, एक छोटी स्टीलची डबी असते. लिंबाचं लोणचं. बहीण पाठवते. त्या पहिल्या संक्रांतीनंतर आठवड्याभरातच मी ती आणायला लागलो. तोवर चार वर्षं तुमचं कमी मिठाचं वरण मी मिटक्या मारत खाल्लं होतं. वाटीत बोट घातलं आणि दुसऱ्या दिवसापासून मला ते गिळेना. तुम्ही पाठ वळवलीत की मी भाताखाली फोड सरकवायचो. साठ माणसांच्या त्या खानावळीत गुपित ठाऊक असलेले आपण दोघंच होतो, आणि भरपूर मीठ खाणारेही आपण दोघंच. तुमची चिमूट मी पाहत होतो. माझी फोड तुम्ही पाहिली होती का, हे विचारायचं राहिलं. पाहिली असणार. तुम्ही सगळ्यांच्या ताटात बघायच्या.

काल सकाळी आम्ही दोघं जाऊन आलो. सुनंदाचं प्रेशर बरोबर आहे. माझं जास्त निघालं. गोळी सुरू झाली आहे, आणि लोणच्याची डबी सुनंदाने देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली आहे.